दर दोन वर्षांनी दुप्पट : बिटकॉइनच्या एका प्रस्तावाचे परीक्षण

परीक्षण म्हटले की डोळ्यांपुढे पुस्तक येते. येथे ज्याचे परीक्षण करायचे आहे, तो मात्र अगदी थोड्या पानांचा एक तांत्रिक प्रस्ताव आहे. गॅव्हिन अँड्रेसन यांनी तो जून २०१५ मध्ये मांडला. 'बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव क्रमांक १०१' असे त्याचे रूक्ष नाव. हा प्रस्ताव कधीच अमलात आला नाही, पुढे तो मागेही घेतला गेला. मग त्यावर आपण वेळ का घालवावा?

त्याचे कारण असे. आपण वर्गात चक्रवाढ शिकवतो, आलेख पुढे वाढवून अंदाज बांधायला शिकवतो. हा प्रस्ताव म्हणजे नेमके हेच दोन धडे खऱ्या जगात, खऱ्या पैशांवर लावण्याचा प्रयत्न होता. प्रस्ताव लिहिणारा माणूस जाणकार होता. बिटकॉइनचे मूळ निर्माते 'सातोशी नाकामोतो' (हे टोपणनाव आहे) बाजूला झाल्यानंतर २०१४ पर्यंत त्या आज्ञावलीची मुख्य देखभाल अँड्रेसन यांच्याकडेच होती. त्यांचा गुणाकार चुकलेला नव्हता. तरीही प्रस्तावात एक उणीव राहिली, आणि ती उणीव गणिताच्या पुस्तकात सापडत नाही. ती कोठे आहे ते शोधू या.

वही आणि तिचे पान

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. बँकेत आपले खाते असते तेव्हा जमाखर्चाची वही बँक सांभाळते आणि आपण बँकेवर विश्वास ठेवतो. बिटकॉइनमध्ये अशी मध्यवर्ती बँक नाही. जमाखर्चाची एकच वही असते, पण तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. या संगणकांना नोड म्हणतात. सर्व नियम स्वतः तपासणारा नोड दुसऱ्या कोणाच्या शब्दावर विसंबत नाही. आलेला प्रत्येक व्यवहार नियमात बसतो की नाही, हे तो स्वतःच पडताळतो.

या वहीत सरासरी दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते. त्या पानाला ब्लॉक म्हणतात. पान जोडण्याचा मान मिळवण्यासाठी काही संगणक मोठी आकडेमोड करून स्पर्धा करतात. त्यांना मायनर म्हणतात. जो आधी यशस्वी होतो त्याला नवी नाणी आणि त्या पानावरील व्यवहारांचे शुल्क मिळते.

आता पान किती मोठे असावे? सातोशी यांच्या ऑक्टोबर २००८ मधील नऊ पानी निबंधात याविषयी कोणतीही मर्यादा सांगितलेली नाही. २०१० मध्ये त्यांनी आज्ञावलीत मर्यादा घातली : एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त १० लाख बाइट, म्हणजे १ मेगाबाइट. हीच संख्या का, याची मांडणी त्यांनी केली नाही. कोणी खोडसाळपणे प्रचंड ब्लॉक पाठवून जाळे गुदमरून टाकू नये म्हणून घातलेला तो एक बांध होता, असे मानले जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ठरावीक क्रमांकाच्या ब्लॉकनंतर मोठी मर्यादा लागू करता येईल, असेही त्यांनी सुचवून ठेवले होते.

एका साध्या व्यवहाराला सुमारे २५० बाइट लागतात असे धरू. मग एका ब्लॉकमध्ये ४,००० व्यवहार बसतील. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. ४,००० भागिले ६०० म्हणजे सेकंदाला सुमारे सात व्यवहार. संपूर्ण जगासाठी सात! तुलनेसाठी आपल्या खिशातल्या फोनवरची यूपीआय सेवा घ्या. २०२४ या एका वर्षात तिच्यावर सुमारे १७,२०० कोटी व्यवहार झाले. म्हणजे सेकंदाला सरासरी ५,४०० च्या आसपास. अर्थात यूपीआयमध्ये मध्यवर्ती संस्था आहे, बँका आहेत, प्रत्येक व्यवहार हजारो ठिकाणी तपासला जात नाही. ही तुलना असमान आहे हे ध्यानात ठेवूनही सातचा आकडा तोकडा वाटतो, हे मान्य करावे लागते.

ही शंका नवी नव्हती. निबंध प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत सातोशींना एकाने विचारले होते की, ही योजना पुरेशा मोठ्या प्रमाणावर चालेल असे दिसत नाही. त्यावर त्यांनी हिशेब मांडला होता. एका व्यवहारामागे १ किलोबाइटची ने-आण धरली, तर रोजच्या १० कोटी व्यवहारांना १०० गिगाबाइट लागतील. तेवढी माहिती १२ डीव्हीडींवर मावते. जाळे मोठे झाल्यावर नोड चालवण्याचे काम हळूहळू खास यंत्रसामग्री असलेल्या तज्ज्ञांकडे जाईल, असेही त्यांनी म्हटले होते. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

प्रस्तावात काय होते?

२०१५ पर्यंत पाने भरू लागली होती. अँड्रेसन यांनी सुचवलेला उपाय असा : ११ जानेवारी २०१६ रोजी मर्यादा एकदम ८० लाख बाइट, म्हणजे ८ मेगाबाइट करावी. त्यानंतर दर दोन वर्षांनी ती दुप्पट करावी. दोन दुपटींच्या मध्ये ती एकदम उडी न घेता सरळ रेषेत वाढत जावी. ६ जानेवारी २०३६ रोजी वाढ थांबवावी. हा बदल लागू होण्यासाठी मायनरांनी काढलेल्या सलग १,००० ब्लॉकपैकी ७५० ब्लॉकवर संमतीची खूण असावी.

यातील प्रत्येक आकड्याला प्रस्तावात कारण दिले आहे, आणि हा त्याचा पहिला गुण. ८ मेगाबाइट कशावरून? तेव्हाची आज्ञावली मोठ्या ब्लॉकवर चालवून पाहिली, आणि ज्यांच्याकडे इंटरनेटची गती कमी आहे अशा, विशेषतः चीनमधील मायनरांचे म्हणणे ऐकले, त्यावरून. दुपटीचा काळ दोन वर्षे का? संगणकाची शक्ती, साठवण आणि इंटरनेटची गती यांच्या दीर्घकालीन वाढीवरून. आणि २० वर्षांनी थांबायचे का? कारण घातांकी वाढ कायम चालू राहू शकत नाही.

शेवटचे कारण वाचून गणिताच्या शिक्षकाला समाधान वाटेल. दुपटीची भाषा करणारे अनेक जण हे विसरतात. येथे ते स्पष्ट लिहिलेले आहे.

गणित करून पाहू

२० वर्षांत दहा दुपटी. २ चा दहावा घात १,०२४. म्हणून २०३६ मधील मर्यादा ८ गुणिले १,०२४, म्हणजे ८,१९२ मेगाबाइट. पूर्वीच्याच २५० बाइटच्या हिशेबाने सेकंदाला ५४,६०० व्यवहार झाले. संपूर्ण जगाला पुरेल असा आकडा.

आता याची दुसरी बाजू मांडू. प्रस्ताव लागू झाला असता तर २०२६ च्या जानेवारीत पाच दुपटी पूर्ण होऊन मर्यादा २५६ मेगाबाइट झाली असती. त्या दहा वर्षांत सर्व ब्लॉक पूर्ण भरले असते, तर वही किती जाड झाली असती? येथे विद्यार्थ्यांना छान उदाहरण देता येईल. दर दोन वर्षांच्या टप्प्यात वाढ सरळ रेषेत आहे, म्हणून टप्प्याची सरासरी म्हणजे सुरुवात आणि शेवट यांचा मध्य. पाच टप्प्यांच्या सरासऱ्या १२, २४, ४८, ९६ आणि १९२ मेगाबाइट. त्यांची बेरीज ३७२. एका वर्षात ५२,५६० ब्लॉक, दोन वर्षांत १,०५,१२०. गुणाकार केला की सुमारे ३ कोटी ९१ लाख मेगाबाइट, म्हणजे ३९ टेराबाइट.

प्रत्यक्षात ही वही २०२५ मध्ये ७०० गिगाबाइटच्या आसपास होती. घरी सेकंदाला ५० मेगाबिट गतीचे इंटरनेट असलेल्या माणसाला ७०० गिगाबाइट उतरवून घ्यायला सुमारे ३१ तास लागतील. ३९ टेराबाइट उतरवायला ७२ दिवस, तेही वीज आणि इंटरनेट एक क्षणही न जाता. जुनी पाने तपासून झाल्यावर पुसून टाकण्याची सोय नोडला असते, त्यामुळे साठवणीचा खर्च टाळता येतो. पण नव्याने येणाऱ्याला प्रत्येक पान एकदा तरी उतरवून तपासावेच लागते. त्यातून सुटका नाही.

या हिशेबावर एक रास्त आक्षेप आहे. मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष आकार नव्हे. वर्गात साठ बाके ठेवली म्हणून साठ मुले येतातच असे नाही. हा आक्षेप खरा ठरल्याचे उदाहरणही आहे, त्याकडे पुढे येऊ. पण नियम लिहिणाऱ्याला सर्वांत वाईट स्थितीचाच विचार करावा लागतो. कारण मर्यादा घातली होती तीच मुळी खोडसाळपणाच्या भीतीने.

कोणाची वाढ मोजायची?

आता दोन वर्षांच्या दुपटीकडे वळू. दोन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे ४१ टक्के वाढ. अँड्रेसन यांच्यानंतर महिन्याभरातच पीटर वुईल यांनी दुसरा प्रस्ताव मांडला, क्रमांक १०३. त्यांनाही तंत्रज्ञानाबरोबर वाढणारीच मर्यादा हवी होती. पण त्यांनी वाढ धरली वर्षाला १७.७ टक्के, म्हणजे दुप्पट व्हायला सव्वाचार वर्षे. सुरुवात २०१७ पासून, १ मेगाबाइटवरून.

दोन्ही प्रस्ताव २०३६ पर्यंत नेऊन शेजारी ठेवा. एकात ८,१९२ मेगाबाइट, दुसऱ्यात सुमारे २२. फरक ३७० पटींचा! त्यातील आठपट फरक सुरुवातीच्या आकड्यामुळे आहे. उरलेला ४६ पट केवळ वाढीच्या दरामुळे. एकाच वर्षी, एकाच जगाच्या तंत्रज्ञानाकडे पाहून दोन जाणकारांनी काढलेले हे निष्कर्ष आहेत. चक्रवाढीत दरातील फरक वर्षांगणिक कसा फुगतो, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

मग बरोबर कोण? माझ्या मते हा प्रश्नच आधी दुरुस्त करायला हवा. 'तंत्रज्ञानाची वाढ' नावाची एकच गोष्ट अस्तित्वात नाही. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये सांगितलेला आणि १९७५ मध्ये सुधारलेला नियम एका चकतीवरील ट्रान्झिस्टरांच्या संख्येविषयी आहे. २००५ च्या सुमारास संगणकाच्या घड्याळाची गती वाढणे जवळजवळ थांबले, तरी ट्रान्झिस्टर वाढतच राहिले. इंटरनेटच्या गतीविषयी जेकब नील्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेला नियम वर्षाला ५० टक्के वाढ सांगतो. पण कोणाच्या गतीची? सर्वांत वरच्या गटातील ग्राहकाच्या. सामान्य ग्राहक त्याच्या मागे असतो, आणि खेड्यातील ग्राहक त्याच्याही मागे.

येथे प्रस्तावाचा पाया डळमळीत वाटतो. तो सरासरी यंत्राची किंवा चांगल्या यंत्राची वाढ मोजतो. पण ज्या व्यवस्थेचा सारा दावा 'कोणावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा' असा आहे, तिच्यात मोजायला हवी ती सर्वांत मागे असलेल्या तपासनिसाची क्षमता. वर्गाला पुढच्या धड्याकडे नेताना आपण पहिल्या बाकावरील मुलीकडे पाहतो की शेवटच्या बाकावरील मुलाकडे? दोघांच्या मध्ये कोठेतरी आपण थांबतो, हे खरे. पण निदान कोणाकडे पाहतो आहोत हे आपल्याला ठाऊक असते. प्रस्तावात हा निर्णय 'दीर्घकालीन कल' या शब्दांआड झाकला गेला आहे.

उशिराची किंमत

साठवणीपेक्षा अवघड प्रश्न उशिराचा आहे. एका मायनरला नवा ब्लॉक सापडला, पण त्याची बातमी दुसऱ्याला ४० सेकंद उशिरा पोचली, तर ते ४० सेकंद दुसरा जुन्याच पानावर कष्ट करत बसतो. ब्लॉक सरासरी ६०० सेकंदांनी सापडतो. त्यामुळे ४० सेकंदांत योगायोगाने दुसरा ब्लॉक सापडण्याची शक्यता सुमारे साडेसहा टक्के. दोन ब्लॉकपैकी एक फुकट जातो. फुकट जाण्याचा फटका लहान आणि दूर असलेल्याला जास्त बसतो. मोठ्या मायनरला स्वतःचा ब्लॉक तत्क्षणी कळलेला असतोच.

क्रिस्टियन डेकर आणि रोजर वॉटेनहोफर यांनी २०१३ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. ब्लॉक नोडपर्यंत पोचायला सरासरी १२.६ सेकंद लागत होते आणि ४० सेकंदांनंतरही ५ टक्के नोडना तो मिळालेला नव्हता. त्यांनी पाहिलेल्या १०,००० ब्लॉकमध्ये १६९ वेळा वहीला फाटे फुटले. २० किलोबाइटहून मोठ्या ब्लॉकमध्ये प्रत्येक जादा किलोबाइटला सुमारे ८० मिलिसेकंदांचा उशीर वाढत होता.

हा आकडा पुढे ताणून पाहा. १ मेगाबाइटला ८० सेकंद. ८ मेगाबाइटला ६४० सेकंद, म्हणजे पुढचा ब्लॉक सापडेपर्यंत आधीचा पोचलेलाच नसेल! मोठ्या ब्लॉकच्या विरोधकांना हे फार मोठे हत्यार वाटेल. पण थांबा. नोडकडे ब्लॉकमधले बहुतेक व्यवहार आधीच पोचलेले असतात. मग संपूर्ण ब्लॉक पुन्हा पाठवण्याऐवजी व्यवहारांच्या छोट्या खुणा तेवढ्या पाठवल्या तर? ही युक्ती २०१६ मध्ये प्रचारात आली आणि ८० मिलिसेकंदांचे ते गणित कालबाह्य झाले.

न्यायाने बोलायचे तर, आलेख डोळे झाकून पुढे वाढवण्याची चूक दोन्ही बाजूंना करता येते. एक जण यंत्रांची वाढ ताणतो, दुसरा आजची अडचण ताणतो. त्यांतल्या त्यात जपून केलेले काम म्हणजे क्रोमन आणि सहकाऱ्यांचा २०१६ मधील अभ्यास. त्या वेळच्या जाळ्याला दहा मिनिटांच्या अंतराने ४ मेगाबाइटपेक्षा मोठे ब्लॉक पेलणार नाहीत, असे त्यांनी दाखवले. २०३६ मध्ये काय होईल हे सांगण्याचा मोह त्यांनी टाळला.

मागे पडलेल्याचे मत

अँड्रेसन यांच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा कोणता? मर्यादा वाढवणे म्हणजे नियम सैल करणे. जुन्या नियमाने चालणारा नोड मोठा ब्लॉक 'अवैध' म्हणून फेकून देतो, आणि सर्वांनी एकाच वेळी बदल केला नाही तर एका वहीच्या दोन वह्या होतात. असा बदल पुन्हा पुन्हा करणे धोक्याचे. म्हणून एकदाच, वीस वर्षांसाठी वेळापत्रक ठरवून टाकावे. याउलट मर्यादा कमी करणे म्हणजे नियम घट्ट करणे. ते सोपे असते, कारण लहान ब्लॉक जुन्या नोडलाही चालतो. प्रस्तावात तसे म्हटलेही आहे : वाढीचा कल टिकला नाही, तर मर्यादा खाली आणता येईल.

ऐकायला हे निर्दोष वाटते. चढताना काळजी, उतरायला जिना आहेच. पण हा जिना उतरायचा निर्णय कोण घेणार? नियम घट्ट करायला मायनरांचे बहुमत लागते. आणि ब्लॉक फार मोठे झाले असतील, तेव्हा मायनर म्हणून कोण उरलेले असेल? ज्यांना मोठे ब्लॉक झेपतात तेच. ज्यांना झेपले नाहीत ते आधीच बाहेर पडलेले असतील. घरच्या संगणकावर नोड चालवणारा तर मत द्यायला कधी नव्हताच.

हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. धडा संपवून आपण वर्गाला विचारतो, "समजले ना?" होकार येतो. तो होकार ज्यांना समजले त्यांचा असतो. ज्यांना समजले नाही ती मुले गप्प असतात, आणि ज्यांनी शाळाच सोडली ती तर वर्गात नसतात. आपण होकार मोजून पुढे जातो आणि वर्गाची प्रगती उत्तम आहे असा अहवाल लिहितो. मागे पडणाऱ्याचा आवाज, तो मागे पडतो त्याच क्षणी, मोजणीतून नाहीसा होतो.

प्रस्ताव क्रमांक १०१ मधील खरी उणीव माझ्या मते ही आहे. ४१ टक्के चूक की बरोबर, हा दुय्यम प्रश्न. दर चुकला तर दुरुस्ती करणारी जी यंत्रणा त्याने गृहीत धरली, ती चूक झाल्याचे कळवू शकणाऱ्यांना आधी बाहेर काढते आणि मग उरलेल्यांना विचारते.

"पण सातोशींनीच तज्ज्ञांकडे काम जाईल असे म्हटले होते ना?" हो, म्हटले होते. मोठ्या ब्लॉकचे समर्थक मूळ कल्पनेशी बेइमान होते, हा आरोप म्हणूनच टिकत नाही. पण मूळ निर्मात्याने काय म्हटले यावर एखादी गोष्ट बरोबर ठरत नाही. ती आकडेमोडीवर आणि परिणामांवर ठरते. वही मोजक्या तज्ज्ञांनीच तपासायची असेल, तर त्या तज्ज्ञांवर विश्वास ठेवावा लागेल, आणि मग बँकेपेक्षा निराळे काय उरले, याचे उत्तर द्यावे लागेल.

पुढे काय झाले?

ऑगस्ट २०१५ मध्ये हा प्रस्ताव असलेली आज्ञावली 'बिटकॉइन एक्सटी' नावाने प्रसिद्ध झाली. ७५० ब्लॉकची अट कधीच पूर्ण झाली नाही. दोन वर्षे कडाक्याचा वाद झाला. १ ऑगस्ट २०१७ रोजी मोठ्या ब्लॉकच्या समर्थकांनी 'बिटकॉइन कॅश' ही वेगळी वही सुरू केली, ८ मेगाबाइट मर्यादेची. पुढे २०१८ मध्ये तिची मर्यादा ३२ मेगाबाइट झाली. मूळ बिटकॉइनमध्ये २४ ऑगस्ट २०१७ पासून 'सेगविट' हा बदल लागू झाला. त्यात व्यवहारांवरील सह्यांचे वजन कमी धरले जाते, त्यामुळे नियम सैल न करताही ब्लॉकमध्ये जास्त व्यवहार मावू लागले.

वाढ रोखणाऱ्यांचीही परीक्षा लगेच झाली. डिसेंबर २०१७ मध्ये गर्दी इतकी वाढली की काही दिवस एका व्यवहाराचे सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेले. एप्रिल २०२४ मध्ये एका दिवशी ते १०० डॉलरच्याही वर गेले होते. शुल्क पाठवलेल्या रकमेवर नव्हे, तर व्यापलेल्या जागेवर असते. दहा लाख डॉलर पाठवणाऱ्याला ५० डॉलर जाणवत नाहीत. ४० डॉलर पाठवणाऱ्याला दार बंद होते. म्हणजे मागे पडणारा येथेही आहेच. ब्लॉक मोठा केला तर गरीब तपासनीस बाहेर जातो, लहान ठेवला तर गरीब ग्राहक बाहेर जातो. १ मेगाबाइट ही संख्या पवित्र मानून बसणाऱ्यांनी या दुसऱ्या माणसाचा हिशेब क्वचितच मांडला. छोटे व्यवहार वहीबाहेर करून शेवटची बाकी तेवढी वहीत लिहावी, अशी 'लाइटनिंग' नावाची योजना त्यासाठी पुढे आली. ती चालते, पण तिच्यात शिरायला आणि तिच्यातून बाहेर पडायला वहीत जागा लागतेच.

आणि बाकांचा तो आक्षेप? बिटकॉइन कॅशमध्ये ३२ मेगाबाइट जागा असूनही बहुतेक ब्लॉक १ मेगाबाइटच्या आतच राहिले. नुसती बाके वाढवून मुले येत नाहीत, हे त्यातून दिसले. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा : मोठे ब्लॉक सतत भरलेले असताना काय होते, याचा पुरावा त्या प्रयोगाने दिलेला नाही.

दरम्यान, वेळापत्रकाऐवजी मोजमापावर चालणारे उपायही पुढे आले. मे २०२४ पासून बिटकॉइन कॅशची मर्यादा प्रत्यक्ष वापर पाहून आपोआप हळूहळू बदलते. इथेरियममध्ये ब्लॉकची मर्यादा प्रत्येक ब्लॉकला जास्तीत जास्त एक हजार चोविसांश भागाने वर किंवा खाली सरकवता येते. दिनदर्शिका पाहून वाढ करण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शास्त्रीय वाटतो. पण तेथेही मोजला जातो तो वापर, आणि मत असते ते ब्लॉक बनवणाऱ्यांचे. किती जणांना तपासणी झेपेनाशी झाली, हे मोजणारी पट्टी अजून कोणत्याही नियमात नाही.

निष्कर्ष

तर मग या प्रस्तावाला किती गुण द्यावेत? मांडणीतील प्रामाणिकपणाला पूर्ण. प्रत्येक आकड्याला कारण दिले, वाढीला शेवट दिला, आपण चुकू शकतो हे मान्य केले. १ मेगाबाइटचा बांध कायमचा नाही, हे त्याने ठामपणे सांगितले, तेही योग्यच. वीस वर्षांचा अंदाज अशा नियमात गोठवला की जो बदलणे अवघड, येथे गुण कापावे लागतात. आणि चूक झाल्यास कोणाला विचारायचे, या प्रश्नाचे उत्तर सर्वांत कच्चे आहे.

नववी-दहावीच्या मुलांकडून हे करून घेता येईल : ४१ टक्के आणि १७.७ टक्के या दरांनी वीस वर्षांची दोन कोष्टके, एकाच कागदावर दोन आलेख. वाढ चक्रवाढीने होते, दर बदलला की चित्र बदलते, हे त्यांना दिसेल. मग त्यांना एकच प्रश्न विचारावा : या आलेखावरील प्रत्येक बिंदूपाशी किती जण अजून बरोबर आहेत, हे कोणत्या अक्षावर दाखवले आहे? मुले अक्ष शोधतील. तो सापडणार नाही. तो का काढला गेला नाही यावर वर्गात जी चर्चा होईल, ती त्या तासाची खरी कमाई.